आधी लोहचुंबक, मग ब्रश: जुन्या गाडीच्या इंजिनावरचा गंज

बाबांची १९८७ ची प्रीमियर पद्मिनी ठाण्यात कोलशेतला आमच्या बिल्डिंगखाली उभी असते, खाडी तिथून फार लांब नाही, आणि गेली चार वर्षं मी तिचं इंजिन एकेक पार्ट काढून साफ करतेय. ज्यांच्याकडे अशी एखादी फियाट, अँबेसेडर नाहीतर जुनी जीप आहे ते सगळे भेटले की एकच विचारतात, ताई, हे चकाचक कसं केलंस? चकाचक करणं अजिबात अवघड नाहीये, कुठलंही अ‍ॅसिड आणि तारेचा ब्रश अर्ध्या तासात करून देतात. अवघड आहे ते त्याच्यापुढचं, कारण चकाचक केलेला धातू म्हणजे अंगावरचं सगळं पांघरूण काढून घेतलेला धातू, आणि आपल्याकडच्या हवेत तो तसा एक रात्रसुद्धा धड राहत नाही. मी पहिल्या वर्षी जुलैमध्ये एका शनिवारी संध्याकाळी टॅपेट कव्हर, म्हणजे इंजिनावरचं वरचं झाकण, घासून घासून पांढरंशुभ्र लोखंड दिसेपर्यंत साफ केलं, उद्या रंग मारू म्हणून वर्तमानपत्रावर ठेवलं आणि झोपले, रविवारी सकाळी बघते तर सगळ्यावर केशरी पावडर. रडायलाच आलं होतं. तेव्हापासून माझा एकच नियम आहे, ज्या दिवशी झाकता येईल तेवढंच त्या दिवशी उघडं करायचं.

आता हे असं का होतं ते आधी बघू, म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळेल.

लोखंडाला गंजायला दोनच गोष्टी लागतात, पाणी आणि हवेतला ऑक्सिजन. पाणी म्हणजे पावसाचे थेंबच पाहिजेत असं नाही, हवेतली आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की लोखंडावर डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा पातळ पापुद्रा बसतो आणि तेवढा पुरतो. ठाण्यात, नवी मुंबईत पावसाळ्याचे चार महिने आर्द्रता त्याच्या खाली क्वचितच येते. त्यात खाडीकडून येणारं मीठ. पावसाळ्यात मिठाच्या डबीत आपण तांदळाचे दाणे टाकतो ना, कारण मीठ हवेतलं पाणी ओढून ओलं होतं, तेच मीठ इंजिनावर बसलेलं असतं तेव्हाही हेच करतं. साधं मीठ ७५ टक्के आर्द्रतेला पाणी सुटायला लागतं, पण समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचाही क्षार असतो आणि तो तर ३३ टक्क्यांपासूनच पाणी ओढतो, म्हणून डिसेंबरात सगळं कोरडं ठणठणीत वाटत असताना पण बोनेटखाली गंजाचं काम चालूच असतं. आणि लोखंडाचा गंज हा मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, फुगतो, पापुद्रे सुटतात, त्या फटींमधून पाणी परत आत जातं. म्हणजे तो खालच्या लोखंडाला वाचवत तर नाहीच, उलट स्पंजासारखं पाणी धरून ठेवतो.

अ‍ॅल्युमिनियमचं बरोब्बर उलटं आहे. तो हवेत आला की क्षणात गंजतो, हो, लोखंडापेक्षा लवकर, पण त्याचा गंज इतका घट्ट आणि इतका पातळ असतो, काही नॅनोमीटर फक्त, की तोच त्याचं चिलखत होतो आणि आतल्या धातूला हवा लागू देत नाही. म्हणून घरातलं अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं वर्षानुवर्षं टिकतं. ते करड्या रंगाचं, मंद दिसणारं अ‍ॅल्युमिनियम खराब झालेलं नसतं, ते सुरक्षित असतं, आणि लोक नेमकं तेच बफिंग करून काढून टाकतात. खरा त्रास दिसतो तो पांढरी पीठासारखी पावडर आणि तिच्याखाली बारीक बारीक खड्डे पडलेत तिथे, कारण मिठाने त्या चिलखताला भोकं पाडलेली असतात.

म्हणून कामाला लागायच्या आधी खिशात एक छोटं लोहचुंबक ठेवा. पद्मिनीचं १०८९ सीसीचं इंजिन घ्या, ब्लॉक, म्हणजे सिलिंडर असतात ते इंजिनाचं मुख्य धड, बिडाचा (ओतीव लोखंडाचा) आहे, चुंबक चिकटतं. टॅपेट कव्हर पत्र्याचं, चिकटतं. हेडला, म्हणजे ब्लॉकवर बोल्टने बसणाऱ्या वरच्या भागाला, चिकटत नाही, ते अ‍ॅल्युमिनियमचं. कार्ब्युरेटरला, जो पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देतो, त्याला पण चिकटत नाही, पण तो हातात घेतला की जड लागतो, कारण तो जस्ताच्या मिश्रधातूचा ओतीव आहे आणि जस्त अ‍ॅल्युमिनियमच्या अडीचपट जड असतं. रेडिएटर तांब्या-पितळेचा. एका इंजिनात इतके धातू, आणि एकाला जे औषध तेच दुसऱ्याला विष. लाल गंज फक्त लोखंडाचा, पांढरी पावडर अ‍ॅल्युमिनियमची किंवा जस्ताची, हिरवट तांब्या-पितळेचा, एवढं पाठ केलं तरी निम्म्या चुका टळतात.

माझी सगळ्यात महागाची चूक दुसऱ्याच्या हातून झाली. हेड एका गॅरेजमध्ये साफ करायला दिलं होतं, तिथल्या माणसानं विचारलं, "ताई, टाकीत टाकून देऊ का, एकदम साफ होईल," मला वाटलं साबणाचं पाणी असेल, मी म्हटलं टाका. ती टाकी गरम कॉस्टिक सोड्याची होती. बिडाच्या ब्लॉकसाठी ती चालते, पण अ‍ॅल्युमिनियमचा तो ऑक्साइडचा थर आम्लातही विरघळतो आणि अल्कलीतही, साधारण पीएच ४ ते ८.५ च्या मध्येच तो स्थिर असतो, त्याच्या बाहेर गेलं की चिलखत गेलं आणि मग कॉस्टिक सरळ धातूच खायला लागतो. हेड काळंठिक्कर होऊन बाहेर आलं, पॅकिंग (हेड आणि ब्लॉकमधली गॅस्केट) बसतं तो सपाट चेहरा खरखरीत झालेला, परत मशिनिंग करावं लागलं. आपल्या कुकरचं आतून काळं पडणं हे त्याचंच सौम्य रूप आहे, आणि इडल्या लावताना खालच्या पाण्यात लिंबाची फोड टाकतो ती त्यासाठीच. तेव्हा ड्रेन साफ करायची पावडर, ओव्हन क्लीनर, भांड्यांच्या मशीनची गोळी, हे काहीही अ‍ॅल्युमिनियम आणि जस्ताच्या जवळ नाही न्यायचं. हेड दुसऱ्याच्या हातात देताना तोंडाने सांगून भागत नाही, मी आता त्याच्यावर मार्करने लिहूनच देते, अ‍ॅल्युमिनियम आहे, कॉस्टिक नाही.

साफ करायची सुरुवात कुठल्याही धातूला तेल-ग्रीस काढण्यापासून. हे कंटाळवाणं आहे आणि सगळे इथेच घाई करतात. तेलाखाली कुठलंच औषध पोचत नाही, ठिपक्याठिपक्यांनी काम होतं आणि मग माणूस अ‍ॅसिड वाढवत बसतो. पूर्वी रॉकेल असायचं, आता मिळणं मुश्कील, मी डिझेल वापरते, नायलॉनचा ब्रश आणि मग भांड्यांचा साबण आणि गरम पाणी, दोनदा. ते डिझेलचं पाणी गटारात सोडू नका, आपली सगळी गटारं शेवटी खाडीतच जातात, तिथे फ्लेमिंगो येतात, मी ते डब्यात भरून गॅरेजवाल्यांच्या जुन्या ऑइलच्या पिंपात देते.

लोखंडासाठी मला सगळ्यात आवडलेलं औषध किराणा दुकानात मिळतं, लिंबूसत्त्व. एक लिटर कोमट पाण्याला ५० ग्रॅम, प्लास्टिकच्या टबात, त्यात ब्रॅकेट, नट-बोल्ट, पत्र्याचे पार्ट बुडवून ठेवायचे आणि दर तासाला बघायचं. गंज सुटून काळपट चिखल झाला की ब्रशने निघतो. रात्रभर विसरलात तर ते चांगलं लोखंडही खायला लागतं. बाहेर काढल्यावर धुवायचं, खायच्या सोड्याच्या पाण्यात बुचकळायचं म्हणजे उरलेलं आम्ल मरतं, मग लगेच, म्हणजे खरंच लगेच, पुसून हेअर ड्रायरने गरम करून कोरडं करायचं. यात एक अपवाद आहे, व्हॉल्व्ह स्प्रिंग आणि कडक केलेल्या पोलादाचे बोल्ट आम्लात घालू नका. आम्लातून सुटलेला हायड्रोजन पोलादाच्या आत शिरतो आणि ते ठिसूळ होतं, दिसायला नवंकोरं दिसतं आणि एक दिवस चालत्या इंजिनात काडीसारखं तुटतं.

मोठ्या आणि खोल गंजलेल्या पार्टला वीज लावायची पद्धत आहे, ती ऐकायला भीतीदायक पण करायला सोपी. प्लास्टिकची बादली, चार-पाच लिटर पाण्यात एक मोठा चमचा धुण्याचा सोडा, आणि जुना साधा १२ व्होल्टचा बॅटरी चार्जर. निगेटिव्ह वायर आपल्या पार्टला, पॉझिटिव्ह एखाद्या भंगार लोखंडाच्या तुकड्याला, दोघं एकमेकांना टेकता कामा नयेत. चालू केलं की पार्टवर बुडबुडे येतात, गंज सैल होतो, आणि ह्याची खुबी अशी की चांगलं लोखंड तसंच राहतं. वायर उलट्या लावल्या तर मात्र आपलाच पार्ट विरघळतो, तेव्हा दोनदा बघा. बुडबुडे हायड्रोजनचे असतात म्हणून उघड्या जागेतच, जवळ सिगरेट-उदबत्ती काही नको, आणि चिमटे काढायच्या आधी चार्जर बंद. भंगार तुकडा म्हणून स्टेनलेस स्टीलचा चमचा लावू नका, त्यातलं क्रोमियम विषारी होऊन पाण्यात उतरतं. अ‍ॅल्युमिनियम ह्या बादलीत कधीच नाही, धुण्याचा सोडा पण अल्कलीच आहे.

टॉयलेट साफ करायच्या अ‍ॅसिडबद्दल एवढंच सांगते की ते गंज काढतं हे खरं आहे, पण मी त्याची अर्धी बाटली पान्यांच्या कपाटात ठेवली होती, झाकण घट्ट लावून, आणि तीन आठवड्यांनी बाबांचे सगळे पाने, सॉकेट, मायक्रोमीटर तपकिरी झाले होते, कारण त्याची वाफ झाकणातूनही निघते आणि आसपासचं सगळं लोखंड गंजवते. त्यातले काही पाने बाबांनी लग्नाच्या आधी घेतलेले होते. आणि ते अ‍ॅसिड ब्लीचबरोबर कधीही, चुकूनही एकत्र करू नका, क्लोरीन वायू होतो, माणूस मरतो.

आता गंज पूर्ण काढताच येत नाही अशा जागा, ब्लॉकचे कोपरे, खाचा, इंजिन गाडीतच असताना मागची बाजू. तिथे गंज काढायच्या ऐवजी त्याला बदलायचं. विळीवर आवळे किंवा कच्ची केळी चिरली की पातं काळंनिळं पडतं, ते आपण लहानपणापासून बघतोय, त्या फळातलं टॅनिन लोखंडाला धरतं आणि काळा थर तयार होतो. हिरड्यात हेच टॅनिन भरपूर, म्हणून जुन्या काळी हिरड्याची काळी शाई करायचे. दुकानात रस्ट कन्व्हर्टर म्हणून जे मिळतं त्यात एकतर टॅनिक अ‍ॅसिड असतं नाहीतर फॉस्फोरिक अ‍ॅसिड, दुसऱ्यात लोखंडाचं फॉस्फेट होतं, करडं-काळं. दोन्हीचं तत्त्व एकच, पाणी धरणाऱ्या लाल गंजाचं रूपांतर शांत बसणाऱ्या थरात करायचं. पण सुटे पापुद्रे आधी तारेच्या ब्रशने काढा, कन्व्हर्टर जाड गंजाच्या तळापर्यंत जात नाही. आणि तो थर म्हणजे रंग नव्हे, तो पाणी अडवत नाही, वर प्राइमर आणि रंग लागतोच. बरेच जण काळं झालं म्हणून तिथेच थांबतात, पुढच्या ऑगस्टात लाल ठिपके परत.

तारेचा ब्रश लोखंडाला चालतो, अ‍ॅल्युमिनियमला साधा तारेचा ब्रश मारला तर लोखंडाचे कण त्याच्यात रुततात आणि नंतर तेच गंजून ठिपके पडतात. अ‍ॅल्युमिनियमला नायलॉन नाहीतर मऊ पितळी ब्रश, साबणपाणी, आणि पांढरी पावडर असेल तिथे फॉस्फोरिक अ‍ॅसिडवालं सौम्य अ‍ॅल्युमिनियम क्लीनर, सांगितलेली मिनिटं घड्याळ लावून, मग भरपूर पाणी. खड्डे भरून येत नाहीत. ते स्वीकारायचं.

पार्ट बाहेर ब्लास्टिंगला, म्हणजे जोराने बारीक कण मारून साफ करायला, द्यायचे असतील तर वागळे इस्टेट, रबाळे, तुर्भ्याच्या एमआयडीसीत करणारे मिळतात. अ‍ॅल्युमिनियमला वाळू नको, काचेचे बारीक मणी किंवा पाण्याबरोबरचं ब्लास्टिंग सांगा, त्याने पृष्ठभाग जखमी होत नाही. पण तेलाच्या वाटा असलेला कुठलाही पार्ट, ब्लॉक, हेड, ह्यांना ब्लास्टिंग करताना माझा जीव खालीवर होतो, कारण एका वाटेत चमचाभर मणी राहिले तर ते इंजिन सुरू झाल्यावर बेअरिंगमध्ये जातात आणि संपूर्ण मेहनत पहिल्या शंभर किलोमीटरमध्ये मातीत. हिरव्या घासणीचं पण तसंच, तिच्यात अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचे कण असतात, म्हणजे एमरीच, तिने हेडचा चेहरा घासलात तर आधी सगळी भोकं बोळ्यांनी बंद करा. जुनं पॅकिंग कोरडं घासू नका, जुन्या पॅकिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, ओलं करून प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा आणि मास्क लावा.

रेडिएटरच्या पितळी टाकीला मी चिंच लावते, आजी तांब्याचा बंब घासायची तशीच, चिंचेतलं टार्टारिक अ‍ॅसिड हिरवट थर काढतं, मग मात्र ते पूर्ण धुवून टाकायचं. अमोनियावालं पॉलिश किंवा काच पुसायचा तसला स्प्रे नको. ह्याची एक गोष्ट आहे, ब्रिटिशांच्या हिंदुस्तानातल्या फौजा पावसाळ्यात काडतुसं तबेल्यात ठेवायच्या, आणि पावसाळा संपला की पितळी काडतुसांना चिरा पडलेल्या असायच्या. कारण कळायला १९२१ साल उजाडलं. घोड्यांच्या मुताचा अमोनिया, दमट हवा आणि ताणाखाली असलेलं पितळ, तिघं एकत्र आले की ते तडकतं.

झाकायचं कसं, तर ब्लॉकला इंजिन इनॅमल, आधी थिनरने पुसून, आणि रंगवायच्या आधी पार्ट किंचित गरम करून, बिडाच्या छिद्रांत पाणी आणि तेल लपलेलं असतं ते त्याने बाहेर येतं. एक्झॉस्ट मॅनिफोल्डला, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांना, तो रंग जळून जाईल, तिथे ६०० अंश सहन करणारा सिलिकोनचा रंग लागतो आणि तो डब्यावर लिहिल्याप्रमाणे टप्प्याटप्प्याने तापवून पक्का करावा लागतो, नुसता वाळवून तो पक्का होत नाही. नट-बोल्ट आणि ब्रॅकेटना झिंक प्लेटिंग, ते पिवळसर सोनेरी. जस्त स्वतः गंजून लोखंडाला वाचवतं, ओरखडा पडला तरी. हेडचे बोल्ट प्लेटिंगला देऊ नका, ठिसूळपणाचं कारण वर सांगितलंच. मशिनिंग केलेल्या चेहऱ्यांना आणि सिलिंडरला फक्त तेल. स्वयंपाकाचं खोबरेल नको, ते खवट होतं म्हणजे आम्ल होतं.

अ‍ॅल्युमिनियमवर पारदर्शक लॅकर मारायचा मोह सगळ्यांना होतो. पहिल्या वर्षी सुंदर दिसतं. मग एखाद्या ओरखड्यातून ओल शिरते आणि लॅकरच्या खाली किड्याने कोरल्यासारख्या वेड्यावाकड्या रेषा पसरतात, आणि ते काढायला सगळंच लॅकर खरवडावं लागतं. मी मेण लावते, चांगलं मायक्रोक्रिस्टलाइन, पार्ट थोडा कोमट असताना, वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या आधी आणि दिवाळीच्या सुमारास. आरशासारखं दिसत नाही. मला तो करडा रंगच आवडायला लागलाय आता, आणि कारखान्यातून गाडी निघाली तेव्हा हेड तसंच दिसत असणार.

बाहेरून एवढं करून आतून मात्र आपण नळाचं पाणी भरतो. बिडाचा ब्लॉक, अ‍ॅल्युमिनियमचं हेड, तांब्या-पितळेचा रेडिएटर, सगळे एकाच पाण्यात बुडालेले आणि धातूनेच एकमेकांना जोडलेले, ही तर बॅटरीच झाली, आणि बॅटरीत जो धातू दुबळा तो झिजतो, इथे तो अ‍ॅल्युमिनियम. बोअरचं पाणी घातलंत तर क्षारांमुळे वेग आणखी वाढतो. कित्येक पद्मिनींची हेड पाण्याच्या भोकांभोवती कुरतडल्यासारखी झालेली असतात ती ह्याच्यामुळे. डी-मिनरलाइज्ड पाणी आणि तांब्या-पितळेच्या रेडिएटरला चालणारं कूलंट, निम्मं निम्मं, दर दोन वर्षांनी बदलायचं, कारण त्यातलं गंजरोधक संपतं. अ‍ॅल्युमिनियममध्ये जाणाऱ्या स्टडला पण हाच बॅटरीचा नियम लागतो, आट्यांना अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) लावा, आणि तिने आटे निसरडे झाल्यामुळे तेवढ्याच टॉर्कला, म्हणजे पिळायच्या जोराला, बोल्ट जास्त ताणला जातो हे लक्षात ठेवून टॉर्क थोडा कमी घ्या.

कार्ब्युरेटरचं एक नवीन दुखणं आहे. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, गाडी महिनाभर उभी राहिली की ते पाणी वेगळं होऊन कार्ब्युरेटरच्या वाटीच्या तळाशी बसतं आणि जस्ताला बुरशीसारखी पांढरी पावडर धरते, जेट (पेट्रोल जायचं बारीक भोक) बंद. गाडी उभी ठेवायची असेल तर वाटी रिकामी करून ठेवा.

आणि पावसाळ्यात रोज सकाळी पाच मिनिटं इंजिन चालू करून बंद करायची जी सवय आहे ती सोडा. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात, आणि इंजिन गार असेल तर त्यातलं थोडं सिलिंडरच्या कडेने ऑइलमध्ये आणि बाकीचं सायलेन्सरमध्ये जमतं, त्यामुळे ती पाच मिनिटं आतून गंज लावायचीच पाच मिनिटं असतात. मी पंधरा दिवसांतून एकदा पाऊस उघडला की घोडबंदर रोडने गायमुखपर्यंत जाऊन येते, चांगला अर्धा-पाऊण तास, काटा पूर्ण गरमवर जाऊन राहिला पाहिजे, घरी आल्यावर बोनेट तासभर उघडं ठेवते, आणि प्लास्टिकचं कव्हर अजिबात घालत नाही, त्याच्याखाली वाफ कोंडते, कापडी चालतं. ऑइल भरायच्या झाकणाखाली लोण्यासारखा पांढरट थर दिसला तर घाबरू नका, तो बहुतेक वेळा हाच ओलावा असतो आणि अशा दोन-तीन लांब फेऱ्यांत जातो. गेला नाही आणि रेडिएटरचं पाणी पण कमी होत असेल, तर मग हेडचं पॅकिंग गेलंय का ते बघून घ्या.